समुद्र दिसणारं घर

कसालहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय जरा लांबचा वाटेल, पण तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. मुंबईत समुद्राकाठी चाळीस-चाळीस, साठ-साठ मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या घरांविषयी आम्ही बोलणार आहोत.

आता तुम्ही म्हणाल, कसालच्या तिठ्यावर मालवणच्या एसटीची वाट बघणाऱ्या बायकांना त्या टॉवरचं काय? तर सांगतो. गेल्या काही वर्षांत आमच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचं बोलणं संपलं, की दोन प्रश्न हटकून निघतात. एक, मुंबईतली सासऱ्यांची खोली टॉवरमध्ये गेली, आता पुढे काय? दुसरा, मुलगा म्हणतो गावची जमीन काढूया आणि तिकडे मोठा फ्लॅट घेऊया, समुद्र दिसतो. दोन्ही प्रश्नांत सही कोणाची लागते? आपली. म्हणून सहीच्या आधी हे घर असतं कसं, ते समजून घेऊया.

आधी थोडं मागचं. आपल्या सिंधुदुर्गातून पुरुषमाणसं गिरणीत गेली ती परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोडला. एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा जण. गावकीची खोली म्हणायचे तिला. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, आणि झोपायच्या पाळ्या. जेवण खाणावळवालीकडे. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका आपल्यासारख्याच. सावकाराच्या व्याजात त्या पिचलेल्या होत्या, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटाच्या वहीवर सही करून कर्ज घेतो, त्याची एक वाट त्या खाणावळींतून आलेली आहे. हे आमच्या तरुण सुनांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले. किती घरांतले चाकरमानी तेव्हा ट्रंक घेऊन परत आले, ते तुमच्या सासवांना विचारा. गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनी उरल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते. एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेपुरती राहिली. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. एका शब्दाच्या अर्थाने केवढी जमीन इकडची तिकडे झाली बघा. कागदातला शब्द वाचायचा का, तर यासाठी. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज वर्ल्ड वन नावाचा टॉवर आहे, उंची २८० मीटर. आपला चांगला वाढलेला माड वीस मीटर धरा. तसे चौदा माड एकावर एक.

आणि त्याच वरळीत बीडीडी चाळी. ब्रिटिशांच्या काळात, १९२० च्या दशकात बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या खोल्यांत आपली कोकणातली किती माणसं वाढली! आता त्यांच्या जागी पुनर्विकास चाललाय. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचं घर, मालकीचं, पैसे न भरता. शंभर वर्षं रांगेत उभं राहून मिळालेला स्वतःचा संडास ही काय लहान गोष्ट आहे? ज्यांना मिळालं त्यांचा आम्हाला आनंदच आहे. टॉवर म्हणजे वाईट, असं आमचं म्हणणं अजिबात नाही.

पण तिथे राहणं म्हणजे काय, ते ऐका.

आपल्या घरात विहिरीचं पाणी असतं, फार तर पंप बिघडला तर कळशी आहे. चाळीसाव्या मजल्यावर कळशी चालत नाही. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने वर चढवतात, मग खाली नळाला सोडतात. लिफ्ट विजेवर, पंप विजेवर, जिन्यातला दिवा विजेवर. वीज गेली तर जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. आग लागली तर अग्निशमन दलाची शिडी सगळ्यात वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून उंच इमारतीत ठरावीक मजल्यांनंतर एक मोकळा भाग ठेवावा लागतो, लोकांनी तिथे येऊन थांबायचं. त्याला रेफ्यूज एरिया म्हणतात. तुमची मुलगी किंवा सून अशा घरात राहायला गेली, तर पहिल्या दिवशी तिला तो भाग कुठे आहे ते बघून यायला सांगा. तिथे कोणी जुनी कपाटं रचून ठेवलीत का, तेही.

आपल्यातल्या काही जणींच्या बहिणी-भाच्या अशा टॉवरमध्ये घरकामाला जातात. त्या गणपतीला आल्या की आम्ही खोदून खोदून विचारतो. ‘एवढ्या वर ऱ्हवाक भ्या वाटणा नाय काय गे?’ भीतीचं कोणी सांगत नाही. त्या सांगतात ते वेगळंच. गेटवर फोनमध्ये नाव उमटल्याशिवाय आत सोडत नाहीत. कामाला येणाऱ्यांची लिफ्ट काही ठिकाणी वेगळी. कपडे बाहेरून दिसतील असे वाळत घालायचे नाहीत. मासे तळले की कुठल्याशा सोसायटीत तक्रार होते. समुद्र समोर, बांगडा खाली बाजारात ताजा, आणि वास मात्र नको! आम्हाला याचं हसू येतं, पण जिला रोज त्या लिफ्टने जावं लागतं तिला हसू येत नाही.

त्या टॉवरांच्या पायथ्याशी वरळीचा कोळीवाडा आहे. खिडकीतून दिसणाऱ्या त्या समुद्रात त्यांच्या होड्या जातात. कोस्टल रोडचा पूल सी लिंकला जोडताना दोन खांबांमधलं अंतर साठ मीटर ठेवलं होतं. कोळ्यांचं म्हणणं, भरती-ओहोटीला होडी खांबावर आपटेल. त्यांनी काम अडवलं, लावून धरलं, आणि शेवटी होड्यांच्या वाटेवरचा एक खांब कमी करून तिथे १२० मीटर अंतर ठेवायचं ठरलं. ज्यांच्याकडे उंच घर नाही, त्यांनीही समुद्रावरचा आपला हक्क असा मागून घेतला. आपल्या मालवण, देवबागच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं.

आता मुख्य गोष्ट. फ्लॅट घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं?

आपल्या घराचं कसं, खाली जमीन आपली, वर कौलं आपली, खळ्यातली तुळस आपली. फ्लॅटमध्ये चार भिंतींच्या आतली जागा तुमची. जमीन, जिने, लिफ्ट, गच्ची, टाकी हे सगळं शेकडो कुटुंबांचं मिळून. सामाईक सातबारा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. एका गुंठ्यावर तीस नावं, आणि माडाच्या नारळावरून भांडणं. टॉवर म्हणजे तसाच सामाईक सातबारा, उभा केलेला. फरक एवढाच, की इथे भांडण झालं तरी लिफ्ट चालू ठेवावी लागते.

आणि पुष्कळदा ती जमीन सामाईकही झालेली नसते. ती बिल्डरच्याच नावावर राहते. सोसायटीच्या नावावर जमीन करून देण्याला कन्व्हेयन्स म्हणतात, मराठीत अभिहस्तांतरण. १९६३ च्या कायद्याने ते बिल्डरवर बंधनकारक आहे, तरी वर्षानुवर्षं होत नाही. मग सोसायटीला सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करून ते एकतर्फी करून घेता येतं. त्याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. जुन्या इमारतीतलं घर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, जमीन कोणाच्या नावावर?

दुसरा प्रश्न दरमहाचा. याला मेंटेनन्स म्हणतात. समुद्रकाठच्या मोठ्या टॉवरमध्ये पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, बाग असते, पहारेकरी असतात. त्या सगळ्यांचा पगार आणि वीजबिल तुम्ही देता, तुम्ही पोहा न पोहा. समजा चौरस फुटाला महिना १५ रुपये दर आहे आणि घर हजार फुटांचं. झाले १५ हजार रुपये. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. मोठ्या सोसायटीत महिन्याची रक्कम ७,५०० च्या वर गेली की त्यावर जीएसटीही लागतो. बँकेचा हप्ता एक दिवस फिटतो, हा हप्ता कधीच फिटत नाही. मुलगा कमावता आहे तोवर ठीक. त्याची नोकरी गेली, किंवा उद्या तो नसला आणि सून एकटी पडली, तर ती हे भरणार कुठून? चाळीतल्या खोलीचं भाडं विधवा बाईने घरी डबे करून भरलं, अशी उदाहरणं आपल्या भागात घरोघर आहेत. १५ हजार डब्यांवर भरून बघा.

समुद्राजवळचं घर म्हणजे आणखी एक खर्च, आणि तो आपल्याला घाटावरच्या लोकांपेक्षा जास्त कळतो. खारी हवा. मालवणात खिडकीचे गज किती वर्षं टिकतात? काँक्रीटच्या आतल्या सळीला तीच हवा लागते. बारीक चिरेतून खार आत जातो, सळी गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट फोडते. स्लॅबचे पोपडे पडतात ते असे. चिऱ्याच्या भिंतीला हा त्रास नाही, म्हणून आपली जुनी घरं उभी आहेत. टॉवरमध्ये तर सगळा भार सळी घातलेल्या काँक्रीटवरच. म्हणून सोसायटीच्या उपविधींत लिहिलेलं आहे, की इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी करायची. त्यासाठी दोन फंडही आहेत. दुरुस्ती निधीसाठी सभासदाने वर्षाला घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का द्यायचा आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का. सिंकिंग फंड म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकलेली रक्कम. आपण गटात दरमहा शंभर रुपये टाकतो त्यातलाच प्रकार. ज्या सोसायटीत हा फंड नाही, तिथे घर घेणारी बाई उद्याचा खर्च अंगावर घेते.

हा फंड टाळला तर काय होतं? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड म्हणून गाव आहे. तिथे समुद्रकिनाऱ्याला लागून बारा मजली इमारत होती, १९८१ साली बांधलेली, चांगल्या पैसेवाल्यांची. २०१८ मध्ये अभियंत्याने लेखी सांगितलं, की तलावाभोवतीच्या स्लॅबवरून पाण्याचा निचरा होत नाही, खालचं काँक्रीट खराब झालंय, दुरुस्ती करा. खर्च मोठा होता. कोणी किती द्यायचे यावर सभा झाल्या, वाद झाले, माणसं कमिटी सोडून गेली. मोठं काम सुरू होण्याआधीच, २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. झोपेत होती बिचारी. पैसे नव्हते म्हणून नाही, ठरत नव्हतं म्हणून काम थांबलं होतं. तुमचं माणूस टॉवरमध्ये राहत असेल तर त्याला सांगा, सोसायटीच्या सभेला जा. आणि त्याला वेळ नसेल तर सुनेने जावं.

आता कागद. वरळीतच कॅम्पा कोला कंपाउंड आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. १९८० च्या दशकात तिथे इमारती बांधल्या. परवानगी होती पाच मजल्यांची, एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली, दुसरी सतरा. लोकांनी पैसे देऊन घरं घेतली, पंचवीस वर्षं राहिले, मुलांची लग्नं केली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वरचे अनधिकृत मजले पाडायला सांगितलं. २०१४ च्या जूनमध्ये त्या घरांची वीज, पाणी, गॅस तोडायला पालिकेची माणसं आली. गेटवर बायका उभ्या होत्या. घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते नव्हतं. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि राहायला योग्य आहे, हे सांगणारा तो कागद. तो नाही तर घर आहे आणि नाहीही.

केरळात कोचीजवळ मरडू इथे खाडीच्या पाण्याला लागून चार उंच, महागड्या वसाहती होत्या. किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा नियम मोडलेला निघाला. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला सुरुंग लावून चारही पाडल्या. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलं, दहा सेकंदांत धूळ. तीनशेहून जास्त घरं होती त्यांत. कोर्टाने प्रत्येकाला २५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली, पण घराचं कर्ज काय आणि मनाचं काय!

नवीन इमारतीत घर घेताना आता महारेरा आहे. १ मे २०१७ पासून कायदा पूर्ण लागू झाला. प्रकल्पाची नोंदणी झाली आहे का, परवानग्या कोणत्या, कोर्टात दावा आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. कॉलेजातल्या मुलीला फोनवर उघडून वाचायला सांगा. किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आत सतरंजी पसरता येईल तेवढ्या जागेवर सांगावी लागते. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर त्याने तो फुकट दुरुस्त करायचा. एवढं पाठ असू दे.

आणि बायकांसाठी एक सवलत आहे, ती फार जणींना माहीत नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पन्नास लाखांच्या घरावर पन्नास हजार. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की सूट गेली. घरात ही गोष्ट काढून बघा, कोण काय म्हणतं ते ऐकण्यासारखं असतं.

आता आपल्या अंगणात येऊ. फ्लॅटचे पैसे उभे करायला गावची जमीन काढायची, असं जेव्हा ठरतं, तेव्हा सातबारावर बहिणींची नावं असतात. मग गणपतीत माहेरवाशीण आली की मोदकाच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतं. ‘तू सही कर गो, भावाचा घर होता.’ बहीण सही करते. भावाचं प्रेम खरं असतं, बहिणीचंही खरं असतं. पण कायदाही खरा आहे. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढा हक्क आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे घेणं महाकठीण. म्हणून आमच्या गटात आम्ही असं म्हणतो, की जमिनीचे पैसे फ्लॅटमध्ये जाणार असतील तर फ्लॅटच्या करारात आईचं नाव येऊ दे. बहिणीचा वाटा घेतलात तर तो किती रुपयांचा होता ते कागदावर येऊ दे. पैसे आज देता येत नसतील, तरी लिहून ठेवा. आणि राहतं घर, विहीर, जायची वाट विक्रीतून वगळा. नॉमिनी म्हणून आपलं नाव घातलं म्हणजे झालं, असं पुष्कळ जणींना वाटतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, हक्क वारसांचाच राहतो.

किनाऱ्यावरच्या मैत्रिणींना वेगळं सांगायचंय. तुमच्याकडे जो गिऱ्हाईक येतो तो आधी विचारतो, समुद्र दिसतो का? सगळा भाव त्या दिसण्यावर. मात्र ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मुळात बंदी आहे. दाट वस्तीच्या गावांसाठी २०१९ च्या अधिसूचनेत ती हद्द ५० मीटर केली. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात स्थानिकांना घर बांधता येतं तेही तळमजला अधिक एक, उंची नऊ मीटरपर्यंत. तेव्हा इथे दहा मजली ‘सी व्ह्यू’ होणार आणि त्यात तुम्हाला दोन फ्लॅट मिळणार, असं कोणी सांगत आलं, तर त्याला चहा द्या आणि मंजूर नकाशा मागा. तोंडी फ्लॅटवर सही करू नका.

येत्या मंगळवारच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीने आपापला ताजा सातबारा आणि आठ-अ घेऊन यायचं ठरवलंय. मोठ्याने वाचणार आहोत, नाव आहे की नाही, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय. ज्यांची मुंबईत खोली आहे त्यांनी भाडेपावतीची झेरॉक्स मागवून घ्या, पावतीवर नाव अजून सासऱ्यांचंच असेल तर तेही बघू. तुमच्या गटात असं वाचन केलंत, तर काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.